पाचट पेटवलं नाही

१२ जानेवारी
काल ऊसतोडीची टोळी उठली. वाढे जनावरांपुढं गेले, ऊस कारखान्यावर गेला, रानात उरलं गुडघाभर पाचट. आज संध्याकाळी शेजारच्या रानात काडी पडली. दहा मिनिटांत सऱ्यांमागून सऱ्या पेटत गेल्या. जळक्या पानांचे काळे पापुद्रे आमच्या दोरीवरच्या धुण्यावर येऊन बसले. आबा म्हणाले, "उद्या आपलंबी पेटवून टाक. खोडवा एकसारखा फुटतुय, उंदीर-घुशीबी जात्यात." मी म्हटलं, "आबा, औंदा राहू द्या."

१३ जानेवारी
एक पातं हातात घेऊन बघत होतो. काठ करवतीसारखा, बोटाला चरा पडला. या वाळक्या पात्याच्या वजनात जवळजवळ निम्मा कर्ब आहे आणि तो मातीतून आलेला नाही. सतराव्या शतकात व्हॅन हेलमाँट या शास्त्रज्ञानं २०० पौंड मातीत विलोचं रोप लावलं. पाच वर्षांत झाड १६४ पौंडांनी वाढलं, माती घटली अवघी दोन औंस. सगळं पाण्यातून आलं, असं त्यानं ठरवलं. हवेचा वाटा कळायला पुढं शंभराहून जास्त वर्षं गेली. पीक माती खातं, असं आम्ही अजून म्हणतो. उसानं वर्षभर हवेतून वेचलेलं काल दहा मिनिटांत परत गेलं.

१९ जानेवारी
बुडखे जमिनीलगत छाटले. पाचट सरीत दाबलं, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू टाकून पाणी सोडलं. पाचटात कर्ब भरमसाट, नत्र नावापुरता. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र वरून दिला नाही, तर ते जमिनीतला उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो.

९ फेब्रुवारी
मातीचा अहवाल आला. सेंद्रिय कर्ब अवघा ०.३८ टक्के. आजोबांच्या काळात या रानात शेणखताच्या गाड्यांवर गाड्या पडायच्या.

४ मार्च
चहात साखर टाकताना मनात आलं, हाही त्याच हवेतला कर्ब. साखर माझ्या श्वासातून परत जाणार, चिपाड बॉयलरमधून गेलंच असेल. माझ्या हातात राहतं ते पाचट.

११ मे
हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाख भागांत ३१५च्या आसपास होता, आता ४२०च्या वर आहे. दरवर्षी मे महिन्यात आकडा सर्वांत वर जातो. मग उत्तरेकडची रानं पालवतात आणि सप्टेंबरपर्यंत तो उतरतो. सगळी पृथ्वी वर्षातून एकदा श्वास घेते, हे त्या आलेखात दिसतं, आणि दर साली तो आलेख थोडा वर सरकलेला असतो. ती वाढ मुख्यतः कोळसा आणि तेलाची, कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कर्बाची. पाचटातला कर्ब कालपरवाचाच, हवेतून आलेला. तरी तो मला रानात हवा आहे, कारण माझी माती उपाशी आहे.

२ जून
वळीव झालाच नाही. सरीतलं पाचट उचकटलं. वरचा थर कडकडीत, खाली काळपट, हाताला उबदार; पानांवर बुरशीची पांढरी जाळी, त्याखाली गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. ही ऊब म्हणजे जिवाणूंचा श्वास. यातला बहुतेक कर्ब असा हळूहळू हवेतच जाईल, चिकणमातीला धरून राहील तो थोडा.

आबा बांधावरून उतरले. वाकून पाचटाखाली हात घातला, मूठभर माती दाबली. गोळा झाला.

"ओल हाय की रं," म्हणाले. "पाणी चार दिवस म्होरं ढकल."