दोन पारडी

तराजूचा उपयोग वाण्याच्या दुकानापुरताच असतो, असा माझा पुष्कळ दिवस समज होता. मनुष्याच्या अंतःकरणातही एक तराजू टांगलेला असतो आणि आपल्या नकळत आपण त्याच्या पारड्यांत रोज काही ना काही टाकीत असतो, ही गोष्ट मला गेल्या भाद्रपदात कळून आली. प्रसंग तसा लहानच. परंतु त्याने माझी चार रात्रींची झोप हिरावून घेतली, आणि त्यानंतर जे विचार मनात आले ते शाळासोबत्यांपुढे मांडावेत असे वाटल्यावरून ही लेखणी हाती घेतली आहे.

आमचे मिरज गाव दोन गोष्टींकरिता सर्वतोमुखी आहे. एक येथील वैद्यकी व दुसरी येथील वाद्ये. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे मिशन इस्पितळ उघडले, तेव्हापासून दूरदूरचे रोगी मिरजेची वाट धरू लागले. वाद्यांची कीर्ती तर त्याहूनही जुनी. सतारमेकर गल्लीतून जाताना ओळीने मांडलेले भोपळे, लाकडाचा भुसा आणि तारा जुळविताना उठणारे झणत्कार यांनी पाऊल आपोआप मंदावते. २०२४ साली येथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा साऱ्या गावाची मान उंचावली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी याच गावी वास्तव्य केले. १९३७ साली ते निवर्तले, आणि येथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गायनवादन होते.

अशा गावात वाढलेल्या मुलास सतारीचे वेड न लागले तरच नवल! गेली तीन वर्षे मी मामांच्या जुन्या सतारीवर हात बसवीत आहे. तिचा एक पडदा सैल, दांडी किंचित वाकलेली; त्यामुळे कितीही जुळविली तरी ती थोड्याच वेळात उतरे. आपली स्वतःची सतार असावी ही इच्छा मनात घर करून बसली होती. गल्लीतील एका वृद्ध कारागिराने सव्वीस हजार रुपये सांगितले होते. शिष्यवृत्तीचे पैसे, पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या नोटा आणि शेजारच्या दोन मुलांस गणित शिकवून मिळालेले वेतन मिळून माझ्यापाशी साडेसतरा हजार जमले होते. दर रविवारी मी ते मोजीत असे. मोजल्याने ते वाढत नसत, तरी मन मात्र वाढत असे.

आषाढातील एका पावसाळी संध्याकाळी किल्ल्याच्या खंदकापाशी मला एक गावठी पिलू सापडले. तांबूस अंग, पांढरी छाती आणि थंडीने चालणारी दातखीळ. मी त्यास सदऱ्याखाली घालून घरी आणिले. आजीने प्रथम कपाळास आठी घातली. परंतु घटकाभरातच ती स्वतः भाकरी कुस्करून त्याच्या पुढ्यात बसलेली दिसली. तिनेच त्याचे नाव ‘खंड्या’ ठेविले. पुढे तो माझ्या रियाजाच्या वेळी समोर येऊन बसे आणि खर्जाची तार छेडली की मान वाकडी करून ऐके. अब्दुल करीम खाँसाहेबांपाशी टिपू नावाचा कुत्रा होता व त्यास त्यांनी सुरात सूर मिळविण्यास शिकविले होते, असे आमच्याकडे सांगतात. खंड्याच्या अंगी ती विद्या नव्हती. परंतु माझ्यासारख्या नवशिक्याचे वादन उठून न जाता ऐकणारा श्रोता त्याच्यावाचून दुसरा मला लाभला नाही.

आता माझ्या अपराधाकडे वळतो. खंड्यास आणल्यानंतर आठवड्याभराने मी त्यास पशुवैद्यांकडे नेले होते. त्यांनी सांगितले, “सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस टोचावी, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुढच्या मात्रा द्याव्या.” एका वेळेस सुमारे सहाशे रुपये पडणार होते. मी ते काढूनही ठेविले. परंतु त्याच आठवड्यात सतारीच्या दोन तारा तुटल्या, आणि दुकानात गेल्यावर तारांचा नवा संच व दोन नख्या घेण्याचा मोह मला आवरला नाही. लस काय, पुढल्या महिन्यात टोचता येईल, असे मी मनाशी म्हटले. पुढल्या महिन्यात परीक्षा आली. त्यापुढल्या महिन्यात आजार आला.

भाद्रपदातील त्या सकाळी खंड्या हाक मारूनही उठला नाही. दुपारपर्यंत त्यास चार वेळा वांती झाली, आणि संध्याकाळी रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले. त्या दुर्गंधीचा उल्लेख येथे न करणेच बरे. गावातील पशुवैद्यांनी तपासून त्यास पार्व्हो झाल्याचे सांगितले. हा विषाणू जगास १९७८ च्या सुमारास प्रथम माहीत झाला. तो आतड्याच्या अस्तराचा नाश करितो व रक्तातील पांढऱ्या पेशी घटवितो. त्यामुळे अंगातील पाणी निघून जाते आणि इतर जंतूंस रान मोकळे मिळते. पार्व्हो झालेल्या पिलास शिरेतून सलाईन देणे, वांती थांबविणे, जंतूंचा बंदोबस्त करणे आणि त्याचे शरीर स्वतः लढेपर्यंत त्यास तगवून धरणे, हाच काय तो उपचार. “सांगलीस नेऊन पाच-सहा दिवस ठेवावे लागेल. दहा-बारा हजार रुपये लागतील, आणि जगेलच असे वचन मी देत नाही,” असे ते म्हणाले.

त्या रात्री आमच्या घरी जे बोलणे झाले ते मी कधीही विसरणार नाही. वडील कठोर नाहीत. परंतु ते एका औषधाच्या दुकानात काम करितात व रोज रोग्यांचे नातलग पाहतात. ते म्हणाले, “बाळ, या गावी माणसे दागिने मोडून आपल्या माणसाचे पोट कापून घेण्यास येतात. औषधाची चिठ्ठी पुढे करून ‘यातले निम्मेच द्या’ असे म्हणणारे मी रोज पाहतो. आणि आपण एका कुत्र्यावर बारा हजार खर्च करावे?” मला उत्तर सुचेना. आजी कोपऱ्यातून एवढेच म्हणाली, “त्याला आपण घरात घेतलं तेव्हा तो काही मागायला आला नव्हता.” वडील बराच वेळ स्तब्ध होते. मग म्हणाले, “पैसे तुझे आहेत, निर्णयही तूच कर. पण उद्या सतार आली नाही म्हणून त्या जनावरावर राग काढणार नाहीस ना, एवढे आधी ठरव.”

अंथरुणावर पडल्यावर मला दोन कथा आठवल्या. एक लहानपणी आजीने सांगितलेली. रामेश्वरास वाहण्याकरिता गंगेचे पाणी कावडीने शेकडो कोस आणलेले. परंतु वाटेत तापल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव पाहून एकनाथांनी ते त्याच्या तोंडात ओतले. दुसरी शाळेत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ऐकलेली. नाथान संदेष्ट्याने दावीद राजास सांगितलेल्या दृष्टांतातील गरीब मनुष्यापाशी एकच मेंढी होती; ती त्याच्या ताटातले खाई व त्याच्या उराशी निजे. या कथा ऐकताना मी नेहमी स्वतःस एकनाथांच्या बाजूस उभा करीत असे. आता खरीच कावड खांद्यावर आल्यावर कळले, की ती उतरवून ठेवणे ऐकण्याइतके सोपे नाही. खरे सांगावयाचे तर त्या रात्री एक क्षण असाही आला, की सकाळपर्यंत खंड्याने आपण होऊन सुटावे म्हणजे मला काही ठरवावे लागणार नाही, असे मला वाटले. हे लिहिताना लाज वाटते. परंतु ते गाळले तर हा लेख खोटा ठरेल.

पहाटे त्याने अंग ओढीत माझ्या अंथरुणापर्यंत येऊन पायावर हनुवटी टेकली. मी पैशांची पिशवी काढली.

सांगलीच्या दवाखान्यात आमच्या शेजारी एक वृद्ध बाई बसली होती. तिच्या मांडीवर शेळीचे करडू होते व पायाशी फुगलेल्या पोटाची शेळी. डॉक्टरांनी तपासण्याचे पैसे घेतले नाहीत, परंतु औषधांचा आकडा ऐकून तिने पदराची गाठ सोडली, नाणी मोजली व विचारले, “यातलं एकच दिलं तर चालंल का?” माझ्या तराजूत एका बाजूस कुत्रा होता व दुसऱ्या बाजूस सतार. तिच्या तराजूत एका बाजूस शेळी होती आणि दुसऱ्या बाजूस आठवड्याची ज्वारी. छंद आणि उपचार यांत निवड करावयास मिळणे हेसुद्धा एक ऐश्वर्य आहे, हे मला तेव्हा प्रथम उमगले. माझ्या पिशवीत त्या वेळी नोटा होत्या. मी पिशवी अधिक घट्ट धरली. तिला काही द्यावे हे मला ती निघून गेल्यानंतर सुचले. खंड्याच्या आजाराहून ही आठवण मला अधिक बोचते.

खंड्या पाच दिवस तेथे होता. तिसऱ्या रात्री डॉक्टरांनी आशा सोडल्यासारखे केले, चौथ्या दिवशी वांती थांबली, आणि पाचव्या दिवशी त्याने दोन चमचे भाताची पेज चाटली. एकंदर अकरा हजार दोनशे रुपये लागले. निघताना मी विचारले, “इतका खर्च करणे योग्य होते काय?” डॉक्टर म्हणाले, “प्रत्येक वेळी योग्य असतोच असे नाही. जनावर बरे होण्यासारखे आहे काय, उपचाराने त्याच्या यातना वाढतात की सरतात, आणि खर्चापायी घरातील कोणी उपाशी राहणार नाही ना, हे तीन प्रश्न विचारावे. महागडा उपचार म्हणजेच दया असे नव्हे. म्हाताऱ्या, असाध्य जनावरास शांतपणे जाऊ देणे हीही दयाच.”

मुक्या प्राण्यांकरिता द्रव्य वेचणे ही काही आजकालची चैन नव्हे. मुंबईस १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरापोळ निघाले. १८८६ साली परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि तेथील बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळही त्याच काळचे. परंतु थोरामोठ्यांचे दातृत्व आठवून मला समाधान होत नाही. कारण माझा खरा हिशेब अकरा हजारांचा नाहीच, तो सहाशेंचा आहे. तारांच्या दुकानात उभा असताना मी खंड्यास एका पारड्यात घातले होते व नख्या दुसऱ्यात, आणि काटा कोणीकडे झुकला हे पाहिलेदेखील नव्हते. संकटाच्या दिवशी आपण मोठ्या त्यागाचा आव आणतो. परंतु तो त्याग पुष्कळदा आपल्याच जुन्या हयगयीचे व्याज असते. छंदास मी दोष देत नाही. सतारीवाचून माझे जीवन कोरडे झाले असते. मात्र छंद थांबू शकतो, आणि आपल्या आसऱ्यास आलेला जीव थांबू शकत नाही, एवढा भेद ध्यानात ठेविला पाहिजे.

दसऱ्यानंतर मी त्या वृद्ध कारागिराकडे जाऊन सांगितले, की यंदा सतार घेणे जमणार नाही. कारण ऐकून ते हसले व माळ्यावरील एका भोपळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “तो तुझ्यासाठी ठेवलेला आहे. अजून वाळतोय. जितका मुरेल तितका गोड बोलेल.”

खंड्या आता बरा आहे. त्याच्या सर्व लसी वेळेवर झाल्या आहेत. त्यांच्या तारखा मी रियाजाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेविल्या आहेत. मामांची सतार अजूनही उतरते, मी ती पुन्हा जुळवितो, आणि तो मान वाकडी करून ऐकतो.