दोन घरची पाहुणी

आमच्या सिलतऱ्याला कपडे वाळत घालताना आभाळाकडे नाही, वाऱ्याकडे बघावे लागते. वारा कारखान्यांकडून सुटला की दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर तासाभरात काळी पूड बसलीच म्हणून समजा. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची ही देणगी! लोहखनिज आणि कोळसा एकत्र तापवून लोखंड काढायचे तर काजळी आलीच. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की पंधराएक किलोमीटरवर हे गाव. यांची नोकरी इथल्याच एका कारखान्यात, त्यामुळे पाळीचा भोंगा आणि ही काळी धूळ दोन्ही आमच्या संसारात मुरलेली आहेत.

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. मी गच्चीवर घाईघाईने चादरी ओढत होते, तेवढ्यात खालून लेकीची हाक आली, "आई, नागपूर लागलं!"

हातातल्या चादरी तशाच टाकून मी जिना उतरले. अखिल भारतीय कोट्यातून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तिला जागा मिळाली होती. माझे तर डोळेच भरून आले. देवापुढे साखर ठेवली, नागपूरला दादाला फोन केला. दादा म्हणाला, "आता काय विचार करून राहिली तू? बॅग भर पोरीची!"

पण बॅग भरायच्या आतच छत्तीसगढ राज्याची यादी लागली आणि तिथे लेकीचे नाव रायपूरच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयापुढे झळकले. एका मुलीला दोन सरकारी जागा! शेजारपाजारच्या आया मुलाला एक जागा मिळावी म्हणून नवस बोलतात, आणि आमच्या घरात दोन मिळाल्या म्हणून जेवण गोड लागेना.

ज्यांच्या घरात अजून कुणी ही परीक्षा दिलेली नाही, त्यांच्यासाठी सांगते. 'नीट' परीक्षा देशभर एकच, पण सरकारी महाविद्यालयांच्या जागांची वाटणी दोन ठिकाणी होते. शंभरातल्या पंधरा जागा देशभरच्या मुलांसाठी दिल्लीहून भरल्या जातात, उरलेल्या पंच्याऐंशी ज्या त्या राज्याच्या. एम्सच्या जागाही दिल्लीच्याच यादीत असतात. २०१९ पर्यंत एम्सची परीक्षा वेगळी होती, २०२० पासून तीही 'नीट'मध्येच आली. रायपूरचे एम्स २०१२ साली सुरू झाले. आमच्या घरापासून गाडीने जाण्याच्या टप्प्यात, म्हणून लेकीने ते सगळ्यात वर लिहिले होते. पण यंदाच्या पेपरात भौतिकशास्त्राने भल्याभल्यांना रडवले, आणि एम्सची यादी तिच्या क्रमांकाच्या अलीकडेच संपली. दिल्लीच्या यादीत त्याखाली तिने नागपूर लिहिले होते. खरे सांगायचे तर ते मी लिहायला लावले होते.

आता तुम्ही म्हणाल, मराठी मुलगी, मग महाराष्ट्राच्या पंच्याऐंशीमध्ये का नाही? तीच तर गंमत आहे. महाराष्ट्राच्या वाट्याची जागा हवी तर तिथला अधिवास लागतो, शिवाय दहावी-बारावी तिथली लागते. बेळगावकडच्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने थोड्या जागा राखून ठेवल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. पण रायपूर, बिलासपूर, दुर्गच्या मराठी मुलांना तसे काही नाही. घरात बोलणे मराठी, चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती आमचा, आणि दाखला मात्र छत्तीसगढचा.

सासूबाईंना हे पटवताना माझी दमछाक झाली. त्यांच्या लहानपणी नागपूर हीच रायपूरची राजधानी होती! १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तोवर छत्तीसगढ आणि विदर्भ एकाच राज्यात होते. नागपूरचे 'मेडिकल' १९४७ साली सुरू झाले, रायपूरचे कॉलेज १९६३ साली. मधल्या काळात रायपूरच्या मुलाने डॉक्टर व्हायचे ठरवले तर नागपूर हेच जवळचे ठिकाण होते. "अगं, मग आता ते परक्यांचं कसं झालं?" सासूबाईंनी विचारले. काय उत्तर देणार?

मामंजी भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा इकडे आले आणि इथलेच झाले. मी मात्र नागपूरची. माझे माहेर मेडिकल चौकापासून फार लांब नाही. १९९५ साली मी बारावी झाले. तेव्हा महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवरच होत. माझे थोडक्यात हुकले. त्यानंतर तीन वर्षे मी त्याच रस्त्याने बी.एस्सी.ला जात होते आणि पांढरा कोट हातावर टाकून जाणाऱ्या मुलींकडे बघायचे नाही म्हणून मान खाली घालून चालत होते. हे मी कुणाला कधी सांगितले नव्हते. यांनाही नाही.

तर मी नागपूरच्या बाजूने कंबर कसली. मोठे कॉलेज, २५० विद्यार्थी, जुने नाव, मामाचे घर हाकेच्या अंतरावर. सगळ्यात मोठा मुद्दा बंधपत्राचा! महाराष्ट्रात एम.बी.बी.एस. झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते, छत्तीसगढात दोन वर्षे. सासूबाईंनी लगेच बोटे मोजली. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे, वर दोन वर्षे, म्हणजे पोरगी सव्वीसची झाली. मग पुढचे शिक्षण कधी आणि लग्न कधी?

यांना विचारावे तर हे रात्रपाळी करून आलेले. चहाचा कप तोंडाला लावत म्हणाले, "दोन्हीकडे माणसाचं काळीज डावीकडंच असतं ना? मग तिला ठरवू दे." आणि खोकत खोकत झोपायला गेले. हा यांचा खोकला दोन वर्षांपासूनचा. फोटो काढला, औषधे झाली, पण पाळी सुटत नाही तर खोकला कसा सुटणार?

शेवटी लेकीला घेऊन मी तात्यापाऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते स्वतः रायपूरच्याच कॉलेजचे. मला वाटले, आपल्याच कॉलेजची बाजू घेतील. पण त्यांनी लेकीला उलटे प्रश्न विचारले. पुढे काय करायचे आहे? हात रुग्णावर चालवायला आवडेल की पुस्तकावर? "एम.बी.बी.एस.ला कॉलेजच्या पाटीपेक्षा वॉर्ड भरलेला आहे का ते बघ," ते म्हणाले. "नागपूरचं मेडिकल भरलेलं आहे, आपलं मेकाहारा पण भरलेलं आहे. त्या बाबतीत दोन्ही सारखीच." मेकाहारा म्हणजे रायपूरच्या कॉलेजचे आंबेडकर रुग्णालय. आमच्याकडे रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे त्याला याच नावाने ओळखतात.

पदव्युत्तर प्रवेशाबद्दलही त्यांनी नीट समजावले. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पदव्युत्तर वैद्यकीय जागांमध्ये राज्याच्या रहिवासावरून आरक्षण ठेवणे घटनेला धरून नाही. मात्र त्या त्या संस्थेत शिकलेल्या मुलांना काही प्रमाणात प्राधान्य देता येते. म्हणजे आज ती जिथे जाईल त्याचा धागा पाच-सहा वर्षांनी पुन्हा हाती येऊ शकतो, रहिवासाच्या दाखल्यावर मात्र विसंबता येणार नाही. "पण तोवर नियम किती वेळा बदलतील कोण सांगणार? तेवढ्यासाठी निवडू नकोस," असेही म्हणाले.

इतक्या चांगल्या सल्ल्यानंतर आमचा गोंधळ दुप्पट झाला.

वेळ तर थोडाच होता. दोन्हीकडे जागा लागली तरी मूळ कागदपत्रे एकच असतात. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका जिथे जमा कराल तिथले तुम्ही. पहिल्या फेरीत न जाण्याची मोकळीक असते, भरलेली दहा हजारांची अनामतही परत मिळते. पण मुदत उलटली की हातातली जागा गेली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तशी गत व्हायची!

मी लेकीला म्हटले, "चल, एकदा बघून तरी ये नागपूर." ती तयार झाली. पहाटेच्या गाडीने आम्ही दोघी निघालो. तीनशे किलोमीटरचा प्रवास, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया. वाटेत मी तिला किती काय काय सांगत होते! कुठल्या चौकात तर्री पोहे चांगले, मामाकडे गच्चीवरची खोली कशी तिच्यासाठीच रिकामी आहे.

मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात तर जत्राच होती. विदर्भच काय, मध्य प्रदेश, तेलंगणा, छत्तीसगढ, सगळीकडची माणसे. मी इमारती दाखवत पुढे चालले होते. वळून बघते तर लेक मागेच थांबलेली. एका म्हातारीने तिचा हात धरला होता. "एक्स-रे कोन डाहर हे, नोनी?" म्हातारी विचारत होती. आमच्याकडे लेकीबाळीला नोनी म्हणतात. लेकीने तिला छत्तीसगढीतच उत्तर दिले, तशी म्हातारीचा चेहरा असा उजळला की काय सांगू! डोंगरगडकडची होती, मुलाला घेऊन आली होती. लेक त्यांना एक्स-रेपर्यंत सोडून आली. यायला चांगला अर्धा तास लागला. मला जरा रागच आला, कारण वसतिगृह बघायचे राहिले होते.

दादाकडे जेवलो. दादाने पेढे आणून ठेवले होते. लेकीने एक घेतला, हसून बोलली, पण गप्पच होती.

परतीच्या गाडीत गोंदिया गेल्यावर ती म्हणाली, "आई, मी रायपूर घेते."

मी सुरू झालेच. बंधपत्र, नाव, मामाचे घर, सगळे पुन्हा सांगितले. त्या म्हातारीमुळे असा निर्णय घेऊ नकोस, दोन दिवसांत विसरशील, असेही म्हटले.

"म्हातारीमुळे नाही," ती म्हणाली. "ती काही बोलली नसती तरी मी हेच म्हणाले असते. पेशंट जे सांगतो ते मला इथे पहिल्या दिवसापासून कळेल. आणि दोन वर्षं खेड्यात काढायला मला भीती नाही वाटत. भीती तुला वाटते." मग थोडे थांबून, खिडकीकडे बघत म्हणाली, "तुला माहेरी जायचंय, आई. मला डॉक्टर व्हायचंय."

डब्यात दिवे लागले होते. समोरच्या बाकावरच्या बाई झोपल्याचे सोंग करून ऐकत होत्या. मला इतके लागले ते शब्द, की डोंगरगड येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. डोंगरावरच्या देवीला बसल्या जागेवरून हात जोडले, तेव्हा तिने माझ्या खांद्यावर डोके ठेवले. अठरा वर्षांची असली तरी शेवटी लहानच ना! तेव्हा मी तिला १९९५ सालची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मला माहीत आहे." मामीने कधीतरी सांगितले होते म्हणे.

घरी आल्यावर यांनी एकच विचारले, "पक्कं?" तिने मान हलवली. मग हे बराच वेळ अंगणात बसून होते. मला नंतर कळले की यांना मनातून रायपूरच हवे होते, पण आपल्या खोकल्यासाठी पोरीने जवळ राहावे असे तिला वाटायला नको, म्हणून तोंड उघडले नाही. ती त्यासाठीही राहिली असेल का? मी विचारले नाही. विचारले असते तर ती नाहीच म्हणाली असती.

रायपूरला कागद जमा केले तो दिवस पोळ्याच्या जवळपासचा. शेजारच्या साहूबाई तीजासाठी माहेरी निघाल्या होत्या. त्यांचा भाऊ न्यायला आला होता. आमच्याकडे छत्तीसगढात तीजाला लेक माहेरी जातेच, कितीही म्हातारी असो. जाताना ठेठरी-खुरमीचा डबा देऊन गेल्या. "नोनी डॉक्टर बनही, बढिया होगे," म्हणाल्या. मी हसले, पण त्यांच्या भावाच्या हातातली पिशवी बघून पोटात कालवलेच.

नागपूरची ती जागा पुढच्या फेरीत देशातल्या कुठल्याशा मुलाला गेली असेल. आपल्या मुलीचे नाव ज्या जागेवर चार दिवस होते, तिथे आता कोण बसले असेल, असे मध्येच मनात येते. दादा रुसला तो दिवाळीपर्यंत. "नागपूर नाकारणारी पहिलीच पोरगी पाहिली बाप्पा!" असे भाऊबीजेला म्हणाला आणि ओवाळणीत तिच्यासाठी स्टेथोस्कोपचे पैसे घातले.

लेक वसतिगृहात राहते. सुटी असली की रविवारी येते, आठवड्याचे कपडे घेऊन. पहिल्यांदा तिचा पांढरा कोट धुतला तेव्हा मी सवयीने गच्चीवर नेला. दोरीपर्यंत गेले आणि वाऱ्याकडे बघितले. मग खाली आणून माजघरात पंख्याखाली वाळत घातला. सासूबाईंना त्यामुळे देवघरात जायला वाकून जावे लागत होते, पण त्यांनी एक शब्द काढला नाही.