वालावरचा मावा

सुकापूरला राहायला आलो तेव्हा माथेरान रस्त्याला लागून इमारती उठत होत्या, पण त्यांच्या पाठीमागे भातशेती अजून तग धरून होती. आमच्या मागच्या तुकड्याच्या मालकिणीला सगळे आत्या म्हणत. मीही म्हणू लागलो. कीटकशास्त्र मी पुस्तकात शिकलो होतो. ते शेतात कधी आणि कुठे बघायचं, हे मात्र आत्याचं देणं.

भात कापलं की उरल्या ओलीवर ती वाल टोकायची. पौषात कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसे. शेजारी पंप घेऊन आला की आत्या त्याला बांधावरच अडवी. याच शेंगा पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यासोबत अख्ख्या जायच्या ना! "औषध पोरांच्या पोटान घालू का रं?" मग मला पान उलटायला लावी. केशरी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी काळी अळी दिसली की म्हणे, "ही आपली." ढालकिड्याची अळी ती. शेजारीच फुगून टणक झालेला मेला मावा, पाठीला गोल भोक. गांधीलमाशीच्या जातकुळीतला इवलासा परजीवी तिथून बाहेर पडलेला. त्याचं लॅटिन नाव मी सांगे, तो कधी येणार ते आत्या.

हे मित्रकीटक उशिराच येतात. आधी मावा माजायला हवा, मग त्याला खाणारे अंडी घालणार. मधल्या दिवसांत माणसाचा धीर सुटतो आणि फवाऱ्यात हेच मरतात. मावा पुन्हा झपाट्याने वाढतो, कारण त्याची मादी नराविना थेट पिल्लंच घालते. मुंगळ्यांना मात्र आत्या राख टाकून हुसकी. गोड चिकट्याच्या लोभाने ते माव्याची राखण करतात.

चैत्रात भेंडीवर पांढरी माशी येई आणि तिच्यामार्फत केवडा रोग पसरे. तिथे वाट बघणं नाही. पिवळं पडलेलं झाड दिसलं की उपटून जाळायचं.

पावसाळ्यात तीही हात टेके. मांडवावरची शिराळी आणि काकड्या फळमाशी आतून सडवी. मी क्यू-ल्यूरचे सापळे आणून टांगले. त्यात नर अडकतात. वाटलं, थोडी फेड झाली. आत्याने सापळ्यांचे पैसे जागच्या जागी मोजून हातावर ठेवले आणि वर दोन काकड्या दिल्या.