ठिपक्यांची ओळख

अनोळखी वस्तूला नांव मिळालें, कीं तिची अर्धी भीति ओसरते. उरलेल्या अर्ध्या भीतीचें काय करावयाचें, हें मात्र ज्याचें त्यालाच ठरवावें लागतें.

समुद्रापासून दूर, उन्हाळ्यांत गोड्या पाण्यालाहि मोताद होणाऱ्या आमच्या बीड गांवांत चिरंजीवांनीं खाऱ्या पाण्याचें मत्स्यपात्र मांडलें. लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार विरघळवून घरांतच समुद्र सिद्ध झाला. त्यांत प्रवाळी खडक आले. मासे अजून यावयाचे होते, तोंच कांचेवर पांढरे ठिपके धांवूं लागले. खडकांत दडून आलेलीं हीं पाहुणेमंडळी कोण, याचा तपास भिंगानें सुरू झाला. कुशीवर वांकून पोहणारे झिंग्यांचे दूरचे सोयरे निघाले. बहुसंख्य ठिपके मात्र थेंबाच्या आकाराचे, जेमतेम मिलिमीटरभर, झटके देत जाणारे होते. कित्येक माद्यांच्या शेपटीशीं अंड्यांच्या पिशव्या लोंबत होत्या. हे कोपेपॉड! शेवाळ व गाळ खाऊन राहावें, आणि शेवटीं माशांच्या पोटांत जावें, हा त्यांचा संसार.

"यांचाच एक भाऊबंद गोड्या पाण्यांतला सायक्लॉप्स, नारू पसरविणारा तोच," असें मीं म्हणतांच आत्याबाईंनीं लुगड्याचा कांठ किंचित् वर केला. घोट्यापाशीं जुना व्रण होता.

त्यांच्या लहानपणीं बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरीत. नारूचा रोगी तेथेंच पाय बुडवी. जखमेंतून जंताचीं पिलें पाण्यांत जात. सायक्लॉप्स तीं गिळीत, आणि माणसें तें पाणी पीत. वर्षभरानें दीड-दोन हात लांबीचा जंत पायांतून डोकें काढी. मग तो काडीला गुंडाळीत रोज थोडाथोडा ओढावयाचा! १८७० च्या सुमारास फेदचेन्को या रशियन संशोधकानें सायक्लॉप्सचा हा वांटा ओळखला. नारूवर औषध नाहीं, लस नाहीं. पण ठिपका ओळखल्यावर दुहेरी फडकें पुरलें. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. पाणी गाळा, बारवेंत पाय घालूं नका, हेंच घरोघर सांगण्यांत आलें. १९९६ सालीं राजस्थानांत शेवटचा रोगी आढळला, आणि २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला.

"आत्याआजी, हे खाऱ्या पाण्यांतले. यांच्यापासून नारू होत नाहीं," चिरंजीवांनीं समजाविलें. त्यांना तें पटलें. भिंग मागून घेऊन त्यांनीं ते जीव बराच वेळ न्याहाळले. पण नळाचें पाणी माठांत भरतांना त्या अजूनहि फडकें दुहेरी करतात, आणि त्यांना हंसण्याचें धाडस आमच्या घरांत आतां कोणी करीत नाहीं.