महागात पडलेल्या शिव्या

पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कुणी कुणाला ‘स्कॉट’ म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या पायाखालची वाळू सरकायची. सीमेवर स्कॉटलंडशी सतत खटके उडत असलेले. तेव्हा स्कॉट म्हणजे शत्रूचा माणूस, कदाचित हेरही. मग तो बिचारा जन्मगावाकडून साक्षी गोळा करायचा, ‘हा आमच्याच मुलखात जन्मलेला इंग्रज आहे’ असं भल्या माणसांकडून वदवून घ्यायचा आणि तसा दाखला शहराच्या दप्तरात चढवायचा. असे दाखले यॉर्कच्या जुन्या दप्तरात अजून वाचायला मिळतात. आज ज्याला कुणी शिवी म्हणणार नाही, त्या एका शब्दापायी माणूस कामधंदा सोडून कागद करत फिरत होता.

मध्ययुगीन म्हणून आज मिरवणाऱ्या शिव्या मात्र निराळ्याच असतात. ‘फॉपडूडल’ हा मूर्खासाठीचा गमतीदार शब्द मगांवर आणि टी-शर्टांवर शोभतो खरा, पण तो सतराव्या शतकातला, डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात तो आहे. ‘फस्टिलेरियन’ शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या दुसऱ्या भागातला. म्हणजे मध्ययुग सरल्यावरची ही पोरं, आजोबांचे कपडे घालून हिंडणारी. त्या गर्दीत अस्सल जुना सापडतो तो ‘कंबरवर्ल्ड’, म्हणजे आपल्याकडचा थेट ‘भुईला भार’. चौदाव्या शतकात कवी चॉसरने तो वापरला, आणि मौज अशी की ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’मध्ये प्रेमात पोळलेला ट्रॉयलस ही शिवी दुसऱ्या कुणाला नव्हे, स्वतःलाच देतो.

खऱ्याखुऱ्या शिव्या पाहायच्या तर कवींपेक्षा कारकुनांकडे जावं.

१२२२ मध्ये ऑक्सफर्डला धर्मसभा भरली. अध्यक्ष होते आर्चबिशप स्टीफन लँग्टन, मॅग्ना कार्टाच्या वेळी राजा आणि सरदार यांच्यामध्ये वावरलेले तेच. चांगला लौकिक असलेल्या माणसावर जो द्वेषाने किंवा लाभासाठी गुन्ह्याचा खोटा आळ घेईल, तो धर्मबहिष्कृत, असं या सभेनं ठरवलं. त्यातून चर्चच्या न्यायालयांत बदनामीच्या दाव्यांची रांग लागली. याला कारणही तसंच होतं. त्या काळी आरोप झाला की माणूस स्वतः शपथ घेई आणि शेजारीपाजारी त्याच्या बाजूनं शपथ घेत. तेवढ्यावर तो सुटे. म्हणजे वकील, पुरावा आणि जामीन हे सगळं एका लौकिकातच. तो गेला तर उद्या शपथेला उभं कोण राहणार? म्हणून ‘गाढव’ म्हटलेलं खपून जाई, ‘चोर’ म्हटलेलं खपत नसे.

या दाव्यांचे कागद लॅटिनमध्ये. अमुक गावच्या अमक्याने अमक्या दिवशी अमकीला भर रस्त्यात, चारचौघांदेखत... असं गंभीर लॅटिन चाललेलं असतं आणि नंतरच्या काळातल्या कागदांत तर कारकून मध्येच थबकून अस्सल इंग्रजी उतरवतो: ‘फॉल्स थीफ’, ‘स्ट्राँग होअर’. शिवीचं भाषांतर करायला तो धजत नाही. न्याय जसाच्या तसा शब्द मागतो. यातला ‘फॉल्स’ म्हणजे दगाबाज, शब्दाला न जागणारा. आणि ‘स्ट्राँग’चा ताकदीशी संबंध नाही, ‘पक्का चोर’ म्हणताना जो ‘पक्का’ येतो तोच हा. पुरुषाला चोर आणि बाईला छिनाल, दाव्यांचा मोठा गठ्ठा या दोनच शब्दांचा. कल्पनाशक्तीच्या नावानं शंखच म्हणायचा! दोषी ठरलेल्याला प्रायश्चित्त असे: अनवाणी, अंगावर पांढरी चादर, हातात मेणबत्ती घेऊन रविवारी चर्चमध्ये यायचं आणि सगळ्या गावासमोर शब्द मागे घ्यायचे.

आज ज्या शब्दांनी कान लाल होतात, त्यांचं मात्र तेव्हा फारसं कुणाला काही वाटत नसे. शरीराच्या अवयवांची रोखठोक नावं वैद्यकाच्या पोथ्यांत होती. लंडन-ऑक्सफर्डमधल्या काही गल्ल्यांची नावं तर आज कुठलंही मासिक छापणार नाही. भय होतं ते देवाच्या शपथेचं. ख्रिस्ताच्या हाडांची, रक्ताची, जखमांची शपथ घेणारा त्याचं शरीर पुन्हा फाडतो, असं धर्मोपदेशक सांगत. चॉसरचा लबाड पार्डनर, म्हणजे पापमुक्तीचे दाखले विकणारा, स्वतः पैसे उकळता उकळता हेच प्रवचन झोडतो.

या साऱ्यात सर्वात बोलकी आहे ती शब्दांची एक जमात, जी जन्माला आली तेव्हा शिवी नव्हतीच. जुन्या इंग्रजीतला ‘चर्ल’ हा स्वतंत्र शेतकरी. इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याच्या कायद्यात त्याच्या जिवाची किंमत ठरलेली होती: त्याला मारलं तर घरच्यांना २०० शिलिंग. १०६६ मध्ये नॉर्मन आले, शेतकऱ्याची पत खाली गेली आणि चर्ल म्हणजे गावंढळ, उद्धट असा अर्थ रूढ झाला. ‘नेव्ह’ म्हणजे नुसता मुलगा. मग पोऱ्या, नोकर, आणि मग लुच्चा. पत्त्यांत राजा-राणीच्या पायाशी आपण ज्याला गुलाम म्हणतो, तो इंग्रजीत हाच नेव्ह. ‘लूड’ म्हणजे जो पाद्री नाही तो. पाद्री नाही म्हणून निरक्षर, निरक्षर म्हणून अडाणी, आणि शेवटी कामांध. ‘हार्लट’ तर चक्क पुरुष होता, भटक्या, उडाणटप्पू. चॉसरने तो शब्द आपल्या समनरला, म्हणजे चर्चच्या न्यायालयाची बोलावणी पोचवणाऱ्याला, लावला आहे. पंधराव्या शतकात तो बाईकडे सरकला आणि सोळाव्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरांनी तिथे कायमचा चिकटवला.

आणि ‘व्हिलन’. लॅटिन ‘व्हिला’ म्हणजे शेतवाडी, तिथे राबणारा तो व्हिलन. १०८६ च्या डूम्सडे नोंदींत, म्हणजे इंग्लंडच्या जमीनजुमल्याच्या मोजणीत, मोजलेल्या लोकांपैकी सुमारे ४० टक्के हेच. पुढे पुढे तर जमिनीला बांधलेला. मुलीचं लग्न करायचं तरी मालकाला पैसे मोजायचे. १३८१ मध्ये हे शेतकरी उठले, लंडनमध्ये घुसले, आर्चबिशपचं डोकं उडवलं. बंड मोडल्यावर चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डने त्यांना सुनावलं की तुम्ही कुळं होतात आणि कुळंच राहाल, असं बखरकार वॉल्सिंगम लिहितो. लिहिणारे मठातले, वाचणारे गढीतले. मग राबणाऱ्याचं नाव नीच माणसाला पडलं तर नवल काय? गढीत जन्मला तो ‘जेंटल’ आणि ‘नोबल’, ते शब्द सद्गुण झाले. नाटकांतून, सिनेमांतून हिंडत ‘व्हिलन’ मराठीतही आला आणि ‘सामना’ चित्रपटात निळू फुल्यांनी रंगवलेल्या हिंदूराव धोंडे-पाटलासारख्या साखरसम्राटाला चिकटला. कुळाचं नाव फिरत फिरत अखेर मालकाच्या माथी बसलं.

शिवीची निखळ कला पाहायची तर उत्तरेला, स्कॉटलंडमध्ये. तिथे ‘फ्लायटिंग’ म्हणजे कवींची शिव्यांची जुगलबंदी, तीही यमकात. १५०० च्या आसपास राजा चौथ्या जेम्सच्या दरबारी विल्यम डनबार आणि वॉल्टर केनेडी असे भिडले की एकमेकांचं कूळ, अंग, बोली, कवित्व काही शिल्लक ठेवलं नाही. केनेडी पश्चिमेकडच्या गेलिक मुलखातला. त्याच्या भाषेवर डनबार तुटून पडला. विष्ठेसाठीचा शब्द माणसाला लावल्याच्या आरंभीच्या लेखी नोंदींपैकी एक याच काव्यात सापडते. यात दावा नाही, चादर नाही, मेणबत्ती नाही, दरबार खूष. डनबारने दिवंगत कवींवर एक विलापिका रचली, तीत त्याने केनेडीलाही आदराने गुरुजी म्हणत तो मरणपंथाला लागल्याची हळहळ व्यक्त केली. स्कॉटलंडमध्ये छापखाना नुकताच आला होता. १५०८ च्या सुमारास ही विलापिका छापून निघाली आणि ते शिव्यांचं काव्यही.