मिस्ड कॉल द्यायची नोकरी

२००५च्या सुमारास मुंबई-पुण्यात मोबाइल गेमच्या कंपनीत चिकटायचं, तर थोडंफार जावा आणि बराचसा आगाऊपणा एवढं भांडवल पुरे व्हायचं. मुलाखत घेणाराही या धंद्यात नवखाच. गेम खेळतोस का, असं विचारायचा आणि सोमवारपासून ये म्हणायचा.

पहिलं काम टेस्टिंगचं. कपाटात हँडसेटची चळत, प्रत्येकाच्या पाठीवर टेप आणि त्यावर पेनानं घातलेला नंबर. नोकियाची जाड पिन, बारीक पिन, सोनी एरिक्सनचा चपटा चार्जर, हा गुंता सोडवण्यात सकाळ जायची. गेम चालू असताना फोन आला तर गेम थांबायला हवा आणि कॉल कट झाला की तिथूनच पुढे सुरू व्हायला हवा. म्हणून शेजारच्यानं मिस्ड कॉल द्यायचा: मेनूत असताना, उडी मारताना, ऐन मरताना. पोरगा ऑफिसात काय करतो, हे घरच्यांनी चारचौघांत कसं सांगावं!

तिथून बढती पोर्टिंगमध्ये, म्हणजे एका हँडसेटचा गेम दुसऱ्यावर बसवण्याच्या कामात. सिरीज ४०च्या सुरुवातीच्या नोकियांवर अख्खा गेम ६४ केबीत बसवावा लागे. मग रंग कमी कर, आवाज काप, एकच झाड उलटं करून दुसरं म्हणून खपव. हमालीच होती, पण दुसऱ्याचा कोड उसवता उसवता गेम कसा बांधतात ते हाताला कळत गेलं.

आता युनिटी, अनरियल ही गेम इंजिनं शिकायला पैसे पडत नाहीत. पोरं ४८ तासांच्या गेम जॅममध्ये गेम करतात आणि सीव्हीआधी लिंक पाठवतात. आमच्या पहिल्या वर्षीच्या कामापेक्षा ते कितीतरी सरस असतं, हे कबूल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम २०२० साली निन्टेन्डो स्विचवर आला. आम्ही कन्सोल पाहायचो तो दुकानाच्या काचेतून.

पण पोर्टिंगची बरीच हमाली आता इंजिनच करतं, त्यामुळे आम्ही चढलो ती खालची पायरीच गेली. जाहिरातीत वर ‘ज्युनिअर’ आणि खाली दोन वर्षांचा अनुभव, शिवाय बाजारात आलेला एक गेम. त्यात २०२३पासून जगभर झालेल्या नोकरकपातीत बाहेर पडलेले जुनेजाणतेही त्याच रांगेत.

तरी विचारायला येणाऱ्या पोरांना मी सांगतो, बिनधास्त अर्ज ठोका. अनुभवाची ती ओळ पुष्कळदा मागच्या जाहिरातीतून तशीच उचललेली असते.