होगनचे गाव आणि ईदचे मैदान

आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात क्लॉनमेलहून किल्केनीकडे निघाले की वाटेत ग्रेंजमॉकलर नावाचे छोटे गाव लागते. जवळच स्लीव्हनामन डोंगर, आजूबाजूला हिरवी कुरणे. गाडी वेगात असेल तर गाव कधी आले नि कधी गेले, कळायचेही नाही. आम्ही मात्र मुद्दाम थांबलो. इथल्या फुटबॉल क्लबच्या एका खेळाडूची कबर आम्हाला पाहायची होती.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. गेलिक फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी असतात आणि चेंडू हातानेही खेळवता येतो. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर गुण मिळतो. खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. खेळाडूंना पगार नसतो. जो तो आपल्या गावच्या क्लबकडून खेळतो आणि परगण्याचा संघ या क्लबांतूनच निवडला जातो. या खेळांची संघटना 1884 मध्ये टिपरेरीतल्याच थर्ल्स गावी स्थापन झाली. देशावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते, त्यामुळे आपला खेळ खेळणे हीसुद्धा स्वाभिमानाची गोष्ट होती.

मायकेल होगन हा ग्रेंजमॉकलर क्लबचा बचावपटू. रविवार, 21 नोव्हेंबर 1920 रोजी तो टिपरेरीच्या संघातून डब्लिनविरुद्ध क्रोक पार्क मैदानात उतरला. स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले होते. त्याच सकाळी आयरिश क्रांतिकारकांनी डब्लिन शहरात ब्रिटिश गुप्तचर अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या. दुपारी सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तोच सरकारी सशस्त्र दल मैदानात घुसले आणि त्यांनी गर्दीवर गोळीबार केला. चौदा जणांचे प्राण गेले. त्यांत दहा वर्षांचा एक मुलगा होता, पाच दिवसांनी लग्न व्हायचे होते अशी तरुणी होती, आणि चोवीस वर्षांचा होगन होता. तो कोसळला तेव्हा टॉम रायन नावाचा माणूस त्याच्या कानाशी अखेरची प्रार्थना म्हणायला वाकला. त्यालाही गोळी लागली.

जालियनवाला बागेच्या घटनेला तेव्हा दीड वर्ष होऊन गेले होते. तिचे समर्थन करणारा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर मूळचा टिपरेरीचाच! एकाच मातीतून गोळीबाराची पाठराखण करणाराही निघतो आणि गोळी झेलणाराही.

गावाने होगनला विसरू दिले नाही. क्लबचे मैदान त्याच्या नावाचे आहे. क्रोक पार्कमधला एक भव्य स्टँडही त्याच्याच नावाचा; अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकणारा कर्णधार तिथेच चषक उंचावतो. शंभर वर्षांनी, 22 नोव्हेंबर 2020 रोजी, टिपरेरीचा संघ 1920 सारखी पांढरी-हिरवी जर्सी घालून खेळला आणि कॉर्कला हरवून 85 वर्षांनी मन्स्टर प्रांताचा विजेता ठरला.

त्याच वर्षी या मैदानात आणखी एक गोष्ट घडली होती. करोनामुळे मशिदींमध्ये मोठी जमात शक्य नव्हती. तेव्हा क्रोक पार्कचे दरवाजे मुसलमानांसाठी उघडले गेले. 31 जुलै 2020 रोजी, ईद-उल-अझहाच्या सकाळी, सुमारे दोनशे जणांनी अंतर राखून त्या हिरवळीवर मुसल्ले अंथरले आणि शेख उमर अल-कादरी यांच्या इमामतीत नमाज अदा केली. ख्रिस्ती धर्मगुरूही पाहुणे म्हणून हजर होते. आपल्याकडे त्या वर्षी ईदगाह ओस होते, घराघरांत नमाज झाली होती, हे आठवले की या गोष्टीचे मोल कळते.

रग्बी आणि सॉकर या इंग्रजांच्या खेळांना ज्या मैदानाने 2007 पर्यंत आत येऊ दिले नव्हते, तेच हे मैदान. आपल्या शहिदांची जागा इतकी जपणाऱ्या लोकांनी ती आमच्या सज्द्यासाठी मोकळी केली. त्याने होगनची आठवण पुसट झाली नाही. उलट, मरणाऱ्यासाठी प्रार्थना करणारा जिथे मारला गेला, तिथे शंभर वर्षांनी कुणी निर्धास्तपणे दुआसाठी हात उचलू शकले.

चर्चच्या आवारात होगनच्या कबरीपाशी आम्ही थोडा वेळ गप्प उभे राहिलो. ज्यांनी स्वतः जुलूम सोसला, त्यांनी दुसऱ्यासाठी दार उघडावे, याहून मोठे स्मारक कोणते? आपल्याही गावात मैदाने आहेत, शेजारी आहेत. अल्लाह आपल्यालाही असे मोठे मन देवो.